पोळीची घडी आणि पुढचा अंदाज



गेल्या सत्रात शाळेकडे एक प्रस्ताव आला होता. आठवीच्या प्रत्येक मुलाची दीड तासाची चाचणी घ्यायची, ती संगणकावर तपासायची, आणि मूल पुढे कोणत्या क्षेत्रात चमकेल याचा वीस पानी रंगीत अहवाल पालकांच्या हाती द्यायचा. पालक-शिक्षक सभेत बऱ्याच जणांना ही कल्पना पसंत पडली. फी फार नव्हती, आणि तिच्यातला काही भाग शाळेला मिळणार होता. प्रयोगशाळेच्या छपराचे काम डोळ्यांसमोर असताना ती रक्कम नाकारणे सोपे नव्हते. विश्वस्तांनी आमचे मत लेखी मागितले. आम्ही एका पानात ‘सध्या नको’ असे कळवले. त्यावर दोन-तीन पालक येऊन म्हणाले, “सर, तुम्ही तर गणिताचे. मग मोजमापाला विरोध कसा?”

प्रश्न रास्त आहे, म्हणून या अंकातली आमची पाने त्याच्या उत्तरासाठी घेतली आहेत. आमचा विरोध मोजमापाला नाही. उलट, एखाद्या गोष्टीचा अंदाज किती लांबवर पोहोचू शकतो, याचेच एक मोजमाप गणितात आहे. त्याचे नाव टोपॉलॉजिकल एन्ट्रॉपी. नाव भारदस्त आहे, पण आतला माल स्वयंपाकघरातला आहे. आमची पदवी हिंदी माध्यमातली, त्यामुळे ‘फलन’, ‘सांतत्य’ असे शब्द आमच्या तोंडी अजून येतात. (याच शहरात १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात गणित उर्दूतून शिकवले जाई, आणि त्यासाठी लागणारे शब्द घडवायला भाषांतराचे खास खाते होते. हैदराबादला परक्या शब्दांची धास्ती कधीच नव्हती.) फलन म्हणजे नियम: एक संख्या आत घाला, दुसरी बाहेर येते. बाहेर आलेली संख्या पुन्हा आत घालायची, मग पुन्हा. हा प्रवास कसा होतो, एवढेच पाहायचे आहे.

सुरुवात आपल्या माणसापासून करू. नाशिकजवळच्या देवळालीला द. रा. कापरेकर नावाचे शाळामास्तर होते. जन्म १९०५ चा, डहाणूचा. आयुष्यभर त्यांनी संख्यांशी खेळ केला आणि विद्वानांनी बराच काळ त्याकडे दुर्लक्ष केले. पुढे १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिले आणि जगाला देवळाली ठाऊक झाली. त्यांचा नियम असा: चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने मांडा, आणि मोठीतून लहान वजा करा. आलेल्या संख्येवर पुन्हा तेच. आपल्या शहराची स्थापना १५९१ ची, म्हणून १५९१ घेऊ. ९५११ वजा ११५९ म्हणजे ८३५२. पुढे ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आणि ६१७४ वर नियम लावला तर पुन्हा ६१७४ च. आता १९४८ घ्या, ज्या वर्षी हैदराबाद संस्थान भारतात आले. ९८४१ वजा १४८९, उत्तर पुन्हा ८३५२! दोन सालांमध्ये ३५७ वर्षांचे अंतर, पण एका पायरीनंतर कोण कुठून आले हे ओळखण्याची सोय उरली नाही. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या ६१७४ वर येऊन थांबते. इथे भविष्य सांगायला ज्योतिषी नको. सुरुवात कशीही असो, शेवट ठरलेला.

दुसरे टोक पाहायला स्वयंपाकघरात जावे लागते. घडीची पोळी सगळ्यांच्या घरी होते. लाटायची, तेलाचे बोट फिरवायचे, दुमडायची, पुन्हा लाटायची. वरकी पराठ्यातही तेच तत्त्व, फक्त हात सढळ. गणितासाठी ते जरा सरळ करून घेऊ. कणकेची एक वीत लांबीची पट्टी घ्या. लाटून दोन वीत करा, मध्यावर दुमडा, पुन्हा एक वीत. आता पट्टीवर खसखशीचे दोन दाणे अगदी शेजारी शेजारी ठेवले आहेत असे समजा. पहिल्या लाटण्यात त्यांच्यातले अंतर दुप्पट होते, दुसऱ्यात चौपट. काही घड्यांनंतर एक दाणा पट्टीच्या या टोकाला आणि दुसरा भलतीकडेच सापडतो. कधी एकमेकांवरही येतात, पण पुढच्या वाटा आधीच्या शेजारावरून सांगता येत नाहीत.

यात एक अट महत्त्वाची आहे: पट्टी फाडायची नाही. ताणा, दाबा, दुमडा, पण तुकडा तोडून दुसरीकडे चिकटवू नका. गणितात यालाच संतत फलन म्हणतात. दाणे कितीही दूर गेले तरी त्यांच्यामधली कणीक मध्ये अखंड असतेच. या अखंडपणाचा उपयोग पुढे येणार आहे.

आणि तिसरे उदाहरण नामपल्लीच्या नुमाइशीतले. दर जानेवारीत आपली मुले तिथल्या फिरत्या पाळण्यात बसतात. शेजारच्या दोन पाळण्यांतली दोन मुले शंभर फेऱ्यांनंतरही शेजारीच असतात. हालचाल भरपूर, पोटात गोळा येण्याइतकी, पण गुंतागुंत शून्य. एका मुलाची जागा कळली की दुसऱ्याची कळली, आज आणि उद्याही. हलणे वेगळे आणि गुंतणे वेगळे, हे इथे नीट दिसते.

मग गुंतागुंत मोजायची कशी? १९७० च्या सुमारास मॉस्कोत डिनाबुर्ग यांनी आणि अमेरिकेत रूफस बोवेन यांनी स्वतंत्रपणे जी रीत दिली, ती आम्हाला सर्वांत सुबोध वाटते. (बोवेन १९७८ मध्ये अवघ्या एकतिसाव्या वर्षी गेले. केवढे काम त्या वयात!) समजा तुमच्या डोळ्यांवर आमच्यासारखा चाळिशीचा चष्मा आहे आणि एका ठरावीक अंतरापेक्षा जवळच्या दोन गोष्टी तुम्हाला वेगळ्या दिसत नाहीत. आता दोन दाण्यांचा प्रवास पाहत राहा. एखाद्या पायरीवर तरी ते वेगळे दिसले, तर ते दोन वेगळे प्रवास मोजायचे. कधीच वेगळे दिसले नाहीत, तर एकच. मग विचारा, इतक्या पायऱ्यांत एकूण किती वेगळे प्रवास दिसले?

पाळण्यात पायऱ्या वाढवल्या तरी ही मोजदाद वाढत नाही. कापरेकरांच्या यंत्रात चार अंकी संख्याच मुळात ९००० आहेत, तेव्हा प्रवास त्याहून जास्त होणारच नाहीत. कणकेच्या पट्टीत मात्र चष्म्याला केवळ डावा अर्धा आणि उजवा अर्धा एवढेच कळत असले, तरी एका निरीक्षणात दोन शक्यता, दोन निरीक्षणांत चार, तिसऱ्याला आठ, दहाव्याला १०२४ आणि विसाव्याला १० लाख ४८ हजार ५७६. दर पायरीला दुप्पट. ही जी ‘दर पायरीला किती पट’ संख्या, तिचा लॉगॅरिदम म्हणजे टोपॉलॉजिकल एन्ट्रॉपी. चष्मा अधिकाधिक बारीक करत न्यायचा आणि दर कुठे जातो ते पाहायचे. पाळण्याचा दर एक पट, म्हणून एन्ट्रॉपी शून्य. पट्टीचा दर दोन पट, म्हणून दोनचा लॉगॅरिदम. लॉगॅरिदम घेण्याचे कारण दहावीनंतरच्या मुलांना पटेल: दोन यंत्रे शेजारी शेजारी चालवली तर शक्यतांचा गुणाकार होतो, आणि लॉगॅरिदमने त्याची बेरीज होते.

या कल्पनेचा उगम टेलिफोनच्या तारांतला आहे. १९४८ मध्ये क्लॉड शॅनन यांनी संदेशातली माहिती मोजण्याची रीत दिली. १९५८ मध्ये कोल्मोगोरोव्ह यांनी आणि लगेच १९५९ मध्ये सिनाई यांनी ती गतीच्या गणितात आणली, पण तिला संभाव्यता लागत असे. १९६५ मध्ये ॲडलर, कॉनहाइम आणि मॅकअँड्र्यू या तिघांनी संभाव्यता बाजूला ठेवली आणि निव्वळ सांतत्याच्या आधारे हे मोजमाप उभे केले.

आता ज्यासाठी हा सगळा प्रपंच, ते आकडे पाहू. नियम घ्या: संख्येला एकातून वजा करा, उत्तराला त्याच संख्येने गुणा, मग चारने गुणा. शून्य ते एकमधली संख्या घातली की शून्य ते एकमधलीच बाहेर येते. याचा दरही पट्टीसारखा दुपटीचाच आहे. दोन मुलांनी कॅल्क्युलेटर घेऊन बसावे. एकाने ०.३ पासून सुरुवात करावी, दुसऱ्याने ०.३००१ पासून. फरक दहा हजारांत एक, आमच्या चष्म्याला न दिसणारा. पहिल्या पायरीला दोघांचे उत्तर जवळजवळ ०.८४. चौथ्या पायरीलाही दोघे ०.०२ च्या आसपास, हातात हात घालून. आठव्याला ०.४४८ आणि ०.४७५, जरा कुजबूज सुरू झाली. बाराव्याला एक ०.५५ वर आणि दुसरा ०.१५ वर. आता ते शेजारी होते हे कुणी शपथेवर सांगितले तरी खरे वाटू नये.

या बारा पायऱ्यांत नियम कुठेच बदलला नाही. नशीब, ग्रहमान, वशिला यांपैकी कशानेच त्यात हात घातला नाही. नियम पूर्ण माहीत आहे, तरी अंदाज बाराव्या पायरीला संपला, कारण सुरुवात चार दशांश स्थळांपर्यंतच माहीत होती. आणखी दहा पायऱ्या पुढचे सांगायचे असेल तर सुरुवात सुमारे हजारपट बारीक मोजायला हवी, म्हणजे आणखी तीन दशांश स्थळे. त्यापुढच्या दहांसाठी आणखी तीन. एन्ट्रॉपी म्हणजे पुढच्या प्रत्येक पायरीच्या ज्ञानाची ही किंमत. शून्य असेल तर त्या हिशेबाने पुढचे जवळजवळ फुकट कळते. शून्याहून जास्त असेल तर दर पायरीला बिल येते.

थोडा धीर धरणाऱ्या मुलांसाठी एक फार सुंदर जागा आहे, ती सोडवत नाही. समजा संतत नियम असा आहे की रेषेवरचे तीन बिंदू एकापाठोपाठ फिरतात: डावा बिंदू मधल्यावर जातो, मधला उजव्यावर, आणि उजवा परत डाव्यावर. तिघांची ही फेरी अगदी पाळण्यासारखी वाटते. पण त्यांच्यामधल्या जागेचे काय होते ते पाहा. डाव्या आणि मधल्यामधली जागा (तिला पहिली खोली म्हणू) ताणली जाऊन मधल्यापासून उजव्यापर्यंत पसरते, कारण टोके तिथे गेली आणि मधली कणीक फाटत नाही. म्हणजे पहिली खोली दुसऱ्या खोलीला झाकते. दुसऱ्या खोलीची टोके उजव्यावर आणि डाव्यावर जातात, म्हणून ती दोन्ही खोल्यांना झाकते. तेव्हा पहिल्या खोलीतून दुसरीत जाण्याची वाट नक्की आहे, आणि दुसरीतून दोन्हींत. आता एवढ्याच वाटा मोजा: २, ३, ५, ८, १३, २१. प्रत्येक संख्या मागच्या दोन संख्यांची बेरीज. फिबोनाचीच्या नावाने ओळखली जाणारी ही साखळी आपल्याकडे बाराव्या शतकात हेमचंद्रांनी छंदातल्या लघु-गुरूंची मांडणी मोजताना दिली होती. पुढे पुढे तिचा दर १.६१८ पटीजवळ जातो. म्हणजे नियम कोणताही असो, तो संतत आहे आणि त्यात तीन बिंदूंची एक फेरी आहे एवढे कळले, की दर निदान १.६१८ पट आहेच, त्याखाली येऊच शकत नाही. तीन बिंदूंच्या शिस्तबद्ध फेरीच्या पोटात एवढा गोंधळ! पहिल्यांदा हे कळले त्या रात्री आम्हाला झोप लागायला वेळ लागला होता.

पण हेही सांगायला हवे की एन्ट्रॉपी हा एकच आकडा सगळे सांगत नाही. क्रीडादिनाला गोल मैदानावर प्रत्येक मूल आपापल्या ठरलेल्या वेगाने फेऱ्या मारत आहे, असे समजा. जवळजवळ सारख्या वेगाची दोन मुले हळूहळू दुरावतात. दुरावतात खरी, पण अंतर सरळ बेरजेने वाढते, दुपटीने नव्हे. इथे एन्ट्रॉपी शून्य, पाळण्याचीही शून्य, तरी दोन्ही सारखी नाहीत. म्हणून गणिती मंडळींनी शून्याच्या आतले भेद ओळखणारी आणखी बारीक मापे केली आहेत. एका गुणाने दोन मुलांची ओळख पटत नाही हे आपण प्रगतिपुस्तकावर रोज पाहतो. फलनांचीही तीच गत आहे.

आता मूळ प्रस्ताव. मूल म्हणजे फलन नव्हे, आणि आठवीतल्या मुलाची एन्ट्रॉपी आम्ही मोजली असा आमचा दावा नाही. पण ज्याला दीड तासाच्या चाचणीवरून दहा वर्षांनंतरचे सांगायचे आहे, त्याला आम्ही एक प्रश्न विचारू शकतो आणि तो विचारलाही: जवळजवळ सारखी उत्तरे देणारी दोन मुले एका वर्षानंतर किती सारखी राहतात, दोन वर्षांनंतर किती? दुरावण्याचा दर काय? तुमची चाचणी पाळण्यातल्या मुलांबद्दल बोलते की पट्टीवरच्या दाण्यांबद्दल? आलेल्या गृहस्थांनी नम्रपणे सांगितले की अशी पाहणी त्यांच्याकडे नाही, अहवालाची छपाई मात्र उत्तम आहे. अहवाल आम्ही पाहिला. छपाई खरोखरच उत्तम होती. तो दर ठाऊक नसताना तेराव्या वर्षीच्या मुलाला ‘तुझा हा मार्ग नव्हे’ असे छापील कागदावर देण्याची जबाबदारी शाळेने घेऊ नये, असे आमचे मत झाले. विश्वस्तांनी ते मान्य केले. छपराचा खर्च दुसऱ्या मार्गाने उभा करावा लागेल, आणि त्यासाठी पालकांकडे यावे लागेल, हेही इथेच सांगून ठेवतो.

मग करायचे काय? हवामान खाते काय करते ते पाहा. एडवर्ड लॉरेंझ यांनी १९६३ मध्ये दाखवले की हवेसारख्या व्यवस्थेत सुरुवातीचा लहानसा फरक थोड्याच काळात सगळा अंदाज फिरवतो. रोजच्या हवामानाचा अंदाज आजही साधारण दोन आठवड्यांपलीकडे टिकत नाही. म्हणून खात्याने हात टेकले का? नाही. बेगमपेठेतल्या कार्यालयासारखी त्यांची ठिकठिकाणची केंद्रे नव्याने निरीक्षणे घेतच राहतात. लांबचे एकदाच सांगण्यापेक्षा जवळचे पुन्हा पुन्हा मोजणे त्यांना परवडते. आपण या वर्षापासून सहावी ते दहावीच्या प्रत्येक मुलासाठी एक वही ठेवत आहोत. प्रत्येक विषयाचे शिक्षक दर सहामाहीला तीन-चार ओळी लिहितील: मूल कशात रमले, कुठे अडले, काय नवे सुरू केले. त्यात गुण नसतील, भविष्य तर मुळीच नसेल. पालकांनी ती वही पाहावी, आपल्याही दोन ओळी लिहाव्यात. शिक्षकांचे काम यामुळे वाढणार आहे, याची आम्हाला कल्पना आहे, आणि त्यांनी ते आनंदाने मान्य केले असे लिहिले तर ते फारसे खरे होणार नाही. पण मान्य केले आहे.

या विषयाची गोडी लागलेल्या मोठ्या मुलांना सांगायचे तर त्यासाठी सातासमुद्रापलीकडे जायला नको. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत श्रीकृष्ण गोपाळराव दाणी यांनी गतीच्या गणितात आयुष्य घातले. १९९० चे भटनागर पारितोषिक त्यांना मिळाले. आपल्याच गच्चीबावलीच्या हैदराबाद विद्यापीठात प्रा. व्ही. कन्नन यांनी टोपॉलॉजिकल डायनॅमिक्सचे अध्यापन आणि संशोधन केले.

आठवी ते दहावीच्या मुलांसाठी ग्रंथालयात आलेख कागदांचा गठ्ठा ठेवला आहे. वर दिलेल्या चारच्या नियमाचा आलेख काढा: एक चढ, एक उतार, म्हणजे दोन तुकडे. नियम लागोपाठ दोनदा लावून आलेख काढा, तुकडे चार होतील. तीनदा लावला तर आठ. मिसियुरेविच आणि श्लेंक यांनी १९८० मध्ये सिद्ध केले की अशा आलेखांत चढ-उतारांच्या तुकड्यांची वाढ मोजली की एन्ट्रॉपी हाती येते. कात्री नको, चष्मा नको, नुसते बोटाने मोजायचे. मग चारच्या जागी दोन घ्या. कितीही वेळा लावा, तुकडे दोनच राहतील. आणि शेवटी चारच्या जागी ३.२ घेऊन पाहा. पहिल्या दोन आलेखांत उत्तर चारच्या नियमासारखेच येते, फरक तिसऱ्या आलेखापासून दिसू लागतो. तिसऱ्याला किती आणि चौथ्याला किती, ते आलेखासह लिहून महिनाअखेर आमच्या टेबलावर आणून द्यावे.